जी.आय. जो परत आणायचा असेल तर तो पोरांच्या हातात यायला हवा

कृष्णाकाठ (सांगली), धागाकर्ता

मंडळी, बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. आपल्या लहानपणची खेळणी एकेक करून परत येताहेत. जी.आय. जो हा सैनिक परत आला, मॅटेल कंपनीचा तलवारवाला ही-मॅन परत आला, आणि दोघेही मोठ्या थाटात आले. माझा मुलगा तिसरीत आहे. त्याच्या वर्गात एकाही पोराकडे यातलं काही नाही. ज्यांच्याकडे आहे ते सगळे माझ्या वयाचे, आणि त्यांच्याकडचे शूरवीर काचेच्या कपाटात उभे आहेत. याला खेळणं परत आलं असं म्हणायला माझं मन धजत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. अमेरिकेतल्या हॅसब्रो कंपनीनं पहिला जी.आय. जो १९६४ साली काढला. बारा इंच उंच, अंगावर कापडी कपडे. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला तो बंद पडला. १९८२ साली त्यांनी सगळं नव्यानं मांडलं आणि उंची आणली पावणेचार इंचांवर. स्टार वॉर्सच्या तेवढ्याच उंचीच्या खेळण्यांनी त्याआधी तीन-चार वर्षं बाजार काबीज केला होता, त्यातून ते शहाणे झाले. छोटा म्हणून स्वस्त, स्वस्त म्हणून एका पोराकडे पाच-सहा, आणि त्यांना बसायला जीप, रणगाडा, विमान सगळं त्याच मापात करता येतं. प्रत्येकाला नाव, हुद्दा, गाव, स्वभाव. समोर कोब्रा नावाची शत्रूची टोळी. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला कापून ठेवायचं ओळखपत्र असायचं. त्यावरचा मजकूर लॅरी हामा लिहायचे, आणि मार्व्हलची जी.आय. जोची कॉमिक मालिकाही त्यांचीच.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. १९८२ चा जो हेसुद्धा पुनरुज्जीवनच होतं. १९६४ साली ज्यांच्याकडे बारा इंची जो होता ती पोरं तोवर पंचवीस-तिशीची झाली होती. कंपनीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. उंची बदलली, कपडे बदलले, गोष्ट बदलली, नाव तेवढं ठेवलं. जे काही केलं ते त्या वर्षी आठ-दहा वर्षांचा असलेल्या मुलासाठी. म्हणूनच ते पुढे बारा वर्षं चाललं.

आपल्याकडे जो आला फनस्कूलकडून. एमआरएफ आणि हॅसब्रो यांनी मिळून १९८७ साली काढलेली ही कंपनी, कारखाना गोव्यात. साचे तिकडचे, रंग मात्र इथले, त्यामुळे कितीतरी जो असे निघाले की त्या रंगात जगात दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत. परदेशातले संग्राहक आज ते शोधत फिरतात. आमच्या गल्लीत दिवाळीला मामाकडून एखादा यायचा आणि थेट किल्ल्यावर चढायचा. मातीचे मावळे, अळिवाची हिरवळ, पायथ्याशी कुंभाराकडची गवळण आणि भाजीवाली, आणि बुरुजावर हिरव्या पँटीतला जो, गुडघ्यात वाकून नेम धरलेला. मावळा वाकत नसे, जो वाकायचा. म्हणून पहारा त्याच्याकडे.

माझा प्रश्न सरळ आहे. आज सांगली-साताऱ्यातल्या आठ वर्षांच्या पोरासाठी हे खेळणं नव्यानं करायचं ठरवलं तर ते कसं असावं? किंमत, मजबुती, गोष्ट, सगळ्यावर बोला. इथे डाय म्हणजे प्लॅस्टिकचे साचे बनवणारे आहेत, दुकानदार आहेत, शिक्षक आहेत. मला खरंच जाणून घ्यायचंय.


पेटीबंद (मूळ सातारा, सध्या पुणे)

विषय जिव्हाळ्याचा काढलात. माझी बाजू मात्र वेगळी आहे, कारण काचेच्या कपाटवाल्यांपैकी मी एक.

२०२० पासून हॅसब्रोनं सहा इंची क्लासिफाइड मालिका सुरू केली. चेहरा हाताने रंगवल्यासारखा, बोटं, मनगटं, घोटे सगळे वळतात, प्रत्येकाबरोबर पाच-सहा हत्यारं. अमेरिकेतच एकाला वीस-पंचवीस डॉलर पडतात, इथे येईपर्यंत काही हजार. हे पोरांसाठी नाही हे मान्य. पण कंपनीनं पोरांसाठी प्रयत्न केलेच नाहीत असं नाही. २००५ साली सिग्मा सिक्स नावानं आठ इंची जो काढले होते, जपानी धाटणीचे, सोबत नवी कार्टून मालिका. दोन-अडीच वर्षांत आवरलं. मग २००७ साली पंचविसाव्या वाढदिवसाचे जो आले, जुन्या पोशाखातले, आम्हा जुन्यांसाठी. ते धडाधड खपले. कंपनीनं काय धडा घ्यायचा?

ही-मॅनचंही तेच. २०२१ साली नेटफ्लिक्सवर दोन मालिका आल्या. जुलैत जुन्या चाहत्यांसाठी, सप्टेंबरात लहान मुलांसाठी. चर्चा सगळी पहिलीची झाली. जुने चाहते पैसे मोजतात म्हणून ही नावं तरी जिवंत आहेत, नाहीतर आज हा धागाही निघाला नसता.


कृष्णाकाठ

पेटीबंद, तुमच्या संग्रहाबद्दल मला आदरच आहे. तुमच्यासारख्यांनी जुनी ओळखपत्रं, जुने साचे, रंगांचे फरक नोंदवून ठेवले म्हणून आपल्याला इतकं माहीत आहे. पण सिग्मा सिक्स पडलं म्हणून मुलांना जो नको, हा निष्कर्ष मला पटत नाही. तो आठ इंची होता. म्हणजे महाग, आणि एका पोराकडे एक. जीपमध्ये बसवायचा तर जीप केवढी करणार? १९८२ साली जे साधलं होतं, खिशात मावणारं माप आणि टोळी जमवता येईल अशी किंमत, तेच त्यांनी सोडून दिलं.

पोरांना जुनं नाव चालतं की नाही याचं उत्तर बेब्लेडमध्ये आहे. १९९९ साली जपानमध्ये टाकारानं काढलेला भोवरा. २००८ साली धातूचा आला, २०१५ साली आदळला की उधळणारा आला, २०२३ साली आणखी नवा. दर सात-आठ वर्षांनी नव्या पोरांसाठी नवा, आणि जुन्यांची फारशी विचारपूस न करता. माझ्या मुलाच्या वर्गात डब्याच्या सुट्टीत बेब्लेडच्या लढती लागतात. खेळायला दोघं लागतात, हरलेला पुन्हा मागतो. याहून जास्त काय हवं?


साचेकार (कुपवाड एमआयडीसी)

आमचा इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून भाग काढायचा व्यवसाय आहे. खेळणी करत नाही, पंपाचे आणि इलेक्ट्रिक फिटिंगचे पार्ट करतो, पण काम तेच. म्हणून दोन गोष्टी धंद्याच्या बाजूने.

जुन्या पावणेचार इंची जोमध्ये डझनभर सुटे भाग असतात. डोकं, छातीचे पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे, कंबर, मांड्या, पोटऱ्या, दंड, पुढचे हात. प्रत्येकाला डायमध्ये जागा लागते. डाय पोलादाची, तिच्यावर सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) आणि स्पार्कचं (विजेच्या ठिणगीनं कोरायचं) काम, त्यात चेहऱ्याची नक्षी. एका आकृतीच्या डायचा खर्च लाखांत जातो. एकदा डाय झाली की एकेक शॉट, म्हणजे साच्यातून निघणारा एकेक घाणा, काही रुपयांचा. म्हणजे हजार नग काढलेत तर खेळणं महाग पडतं, लाख नग काढलेत तर स्वस्त. संग्राहकांचा माल हजारात, मुलांचा लाखात. हिशेब एवढाच आहे. महाग माल करणाऱ्याला मुलं नकोशी असतात असं नाही, त्याला लाख नग विकायची हिंमत होत नाही.

यावर जुन्या लोकांनी काढलेला तोडगा हुशारीचा होता. एकच पाय चार जणांना, एकच हात सहा जणांना. ही-मॅनमध्ये तर हे उघडच दिसतं, निम्म्या लोकांचं धड आणि पाय एकच, डोकं आणि चिलखत बदललं की नवा माणूस. २०२० साली मॅटेलनं ओरिजिन्स नावाचे जे नवे ही-मॅन काढले त्यात हात, पाय, डोकं ओढून निघतं आणि दुसऱ्याला बसतं. कारखान्याची काटकसर त्यांनी पोरांच्या खेळात आणली. हे मला फार आवडलं.

दाण्याचं, म्हणजे कच्च्या प्लॅस्टिकचं बोलायचं तर जुन्या जोचे अंगठे मोडायचे ते एबीएस नावाच्या प्लॅस्टिकमुळे. कडक दाणा, नक्षी छान उठते, पण हत्यार घट्ट बसवताना अंगठा टिकत नाही. आज करायचं तर धड एबीएसचं आणि हात मऊ दाण्याचा ठेवावा. रिप्रोसेसचा, म्हणजे भंगार प्लॅस्टिक वितळवून केलेला दाणा मुळीच वापरू नये, मुलं तोंडात घालतात.


तंबोऱ्याच्या गावची (मिरज)

मला एक मुलगी, वय नऊ. हा धागा वाचताना एक गोष्ट टोचली. सगळे ‘पोराच्या हातात’ म्हणताहेत. १९८२ च्या पहिल्या जथ्थ्यात स्कार्लेट होती ना? हातात क्रॉसबो म्हणजे चाप ओढून सोडायचं आडवं धनुष्य, आणि बाकीच्यांइतकीच लढणारी. मग आज पुन्हा काढताना निम्म्या मुली का नसाव्यात? माझी लेक कराटेला जाते. तिला बाहुलीच्या केसांचा कंगवा नको, दोरीला लटकून चढणारी बाई हवी.

दुसरं, बंदुका. घराघरात मोबाइलवर दिवसरात्र गोळ्या झाडण्याचेच खेळ चाललेत, त्यात हातात पुन्हा बंदूक द्यायची का? मी खेळण्यांच्या विरोधात नाही. पण आई म्हणून मी दुकानात उभी राहीन तेव्हा हा विचार करीनच.


कृष्णाकाठ

ताई, दोन्ही मुद्दे मनापासून मान्य. मुली निम्म्या हव्यात. लेकीला दोरीला लटकणारी बाई हवी असेल तर तीच पहिली काढावी.

बंदुकांबद्दल सांगायचं तर यावर कंपनीला एकदा विचार करावा लागला होता. व्हिएतनाम युद्धामुळे अमेरिकेत सैनिकांची खेळणी लोकांना नकोशी झाली, तेव्हा १९७० साली हॅसब्रोनं जोला गणवेशातून बाहेर काढलं आणि साहसी पथक केलं. तो जंगलात जायचा, समुद्रात उतरायचा, अडकलेल्यांना सोडवायचा. तेव्हा ते चाललंही.

मला वाटतं आपल्या पोरांसाठी गोष्ट इथेच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौकात, गणपती पेठेत बोटी फिरत होत्या. सैन्य आलं, एनडीआरएफ आलं, गावागावातले पोहणारे तरुण ट्यूब घेऊन उतरले. जी पोरं तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघत होती ती आज शाळेत आहेत. नारिंगी जाकीट घातलेला माणूस बोटीतून दोर फेकतो आणि आजीला खाली उतरवून घेतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाहिलं. त्यांना शूर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बोट, दोर, जाकीट, मेगाफोन, गळ्यात बॅटरी, आणि पाठीवर आजीला घेता येईल असे वाकणारे हात. शत्रू म्हणजे पाणी आणि वेळ. असं पथक मी माझ्या मुलाला उद्या घेऊन देईन.


द्राक्षबाग (तासगाव)

लई भारी विषय काढलाय राव. पूरपथकाची कल्पना एक नंबर. आमच्या भावकीतली पोरं त्या पुरात ट्रॅक्टर घेऊन गेलती. त्यो ट्रॅक्टर पण पाहिजे बगा खेळण्यात. मागं ट्रॉली, ट्रॉलीत माणसं, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटाचं पुडं. लष्कराच्या जीपपेक्षा आमच्या पोरांना ट्रॅक्टर जवळचा.

आन एक सांगतो. माझ्याकडं माझ्या थोरल्या भावाचं चार जो हायत, फनस्कूलचं. कमरेतनं सगळं लोळागोळा झालंत, पाय एकीकडं धड एकीकडं. टाकून द्यायला जीव होत न्हाई. दुरुस्त होतंय का?


कृष्णाकाठ

होतंय की! आणि तुमच्या गावात तर अगदी सहज. टाकू नका.

जोच्या पाठीवर एक छोटा स्क्रू असतो. बारीक फुलीच्या पेचकसानं तो काढा, छातीचे दोन तुकडे वेगळे होतील आणि हात, डोकं मोकळं होईल. सगळं एका ताटलीत ठेवा, म्हणजे हरवणार नाही. आत बघाल तर पाय एका धातूच्या आकड्याला धरलेले दिसतील. त्या आकड्यातून एक काळी रबरी ओ-रिंग निघते, कमरेच्या तुकड्यातून वर येते आणि छातीतल्या खुंटीला अडकते. एवढीच ती. पाय आणि धड तिच्या ताणावर धरलेलं असतं. वीस-पंचवीस वर्षांत रबर वाळतं, तडकतं, आणि माणूस लोळागोळा होतो.

तुटलेल्या रिंगचा तुकडा घेऊन फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याकडे जा. बागायतीत त्याच्याकडे हर मापाच्या ओ-रिंगा असतात. जाडी आणि गोलाई जुळवून घ्या. थोडी लहान चालेल, मोठी घेतली तर जो पुन्हा ढिला उभा राहील. रिंग आकड्यात घाला, कंबरेतून वर ओढा, खुंटीवर चढवा, हात आणि डोकं जागच्या जागी ठेवून दुसरी बाजू बसवा, स्क्रू आवळा. फार जोर लावू नका, प्लॅस्टिकमधला आटा झिजतो.

आणि मंडळी, नव्या खेळण्यात मला हे हवंच हवं. पाठीला स्क्रू. आजची बहुतेक खेळणी चिकटवून बंद केलेली असतात, मोडली की कचऱ्यात. पोरानं पेचकस घेऊन आपला माणूस उघडावा, आत काय आहे ते बघावं, हात बदलावेत, पुन्हा जोडावा. माझ्या मुलानं मागच्या महिन्यात हे पहिल्यांदा केलं. नवी रिंग चढवून स्क्रू आवळल्यावर त्यानं जोला टेबलावर एका पायावर उभा केला, आणि तो उभा राहिला. मग स्वतःहूनच त्यानं बाकीचे मागितले.


जतचा मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातल्या मुलांकडे खेळणी कमी आहेत, पण खेळ कमी नाही. काड्या, टोपणं, चिंचोके यांतून गावं उभी राहतात. म्हणून मी एवढंच सांगीन की खेळणं जास्त बोलकं करू नका. बटण दाबलं की बोलणारं, दिवे लागणारं खेळणं मुलांना दोन दिवस पुरतं. मुकं खेळणं असलं की बोलायचं काम मुलावर येतं.

ओळखपत्राची कल्पना मात्र सोडू नका. आम्ही मराठी माध्यमात शिकलेली पोरं जोच्या पुठ्ठ्यामागचं इंग्रजी शब्दकोश घेऊन वाचायचो. आता ते मराठीत छापा. नाव, गाव, काम, काय येतं, कशाची भीती वाटते. शेवटचं नक्की टाका. ‘हिला पोहता येतं, अंधाराची भीती वाटते’ असं एक वाक्य असेल तर चौथीतलं मूल त्यावर पानभर लिहील. आणि दोन ओळी कोऱ्या ठेवा, मुलानं स्वतः भरायला.


अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

सगळं वाचलं. एक प्रश्न मनात राहिला. आपण अमेरिकन सैनिकाच्या मागे कशासाठी लागलोय? किल्ल्यावरचा मावळा हीच आपली जुनी मालिका आहे. आमच्या साताऱ्यात दिवाळीत मंडळांच्या किल्ले स्पर्धा लागतात. पोरं प्रतापगड, सज्जनगड, अजिंक्यतारा हुबेहूब करतात. दरवाजाची कमान, तटाची चऱ्या, पाण्याचं टाकं, सगळं. आणि त्यावर उभे करतात ते प्लॅस्टरचे मावळे, जे पाच दिवसांत रंग सोडतात आणि सहाव्या दिवशी पोत्यात जातात. पुनरुज्जीवन करायचंच तर मावळ्याचं करा. वाकणारा, चढणारा, ढाल-तलवार हातात धरणारा, दोराला लोंबकळणारा.


पेटीबंद

हे मात्र मला मनापासून पटलं. जो पावणेचार इंची, म्हणजे माणसाच्या उंचीच्या सुमारे अठराव्या हिश्श्याचा. त्याच मापात मावळा केला तर जुन्या जीपसुद्धा त्याच्या कामाला येतील. पण महाराजांचं काय? महाराजांची वाकणारी आकृती करायला मी कधीच तयार होणार नाही.


अजिंक्यताऱ्याखाली

अजिबात करायची नाही. महाराज सिंहासनावर, मूर्तीच्याच रूपात, किल्ल्याच्या सर्वात उंच जागी. तिथे हात लावायचा तो फुलं वाहायला. खेळायचं ते मावळ्यांशी. नावही इतिहासातलं नको, गावांची नावं द्या. वाईचा, जावळीचा, मेढ्याचा. मुलं आपल्या गावचा मावळा मागतील.


मारुती रोड (सांगली)

आमचं खेळण्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. थोडं व्यवहाराचं बोलतो, राग मानू नका.

गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा पोराचा हात खालच्या फळीपर्यंत पोचतो. खालच्या फळीवर काय आहे यावर सगळं ठरतं. हॉट व्हील्स बघा. १९६८ पासूनची गाडी, आजही दोनशेच्या आसपास मिळते, स्टेशनरीच्या दुकानातसुद्धा मिळते. आजोबा आले तरी घेतात, नातू आला तरी घेतो. ती कधी परत आणावी लागली नाही कारण ती कधी हाताबाहेर गेलीच नाही. तुमचा माणूस त्या किमतीत बसवा, मी खालच्या फळीवर लावतो. पाचशेच्या वर गेला की वरच्या फळीवर, आणि तिथून तो वाढदिवसालाच खाली येतो.

दुसरं म्हणजे आयएसआय. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआयची खूण सक्तीची आहे. खूण नसलेला माल मी दुकानात ठेवूच शकत नाही. आयात शुल्कही २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ टक्के झालं आणि २०२३ साली सत्तर. म्हणून परदेशी माल महाग आहे, आणि म्हणूनच इथे बनवणाऱ्याला आज जागा आहे. पूर्वी आमच्याकडे चिनी मालाची पोती यायची. आता नाव विचारून, खूण बघून माल घेतो.


साचेकार

मारुती रोड यांनी नेमकं सांगितलं. दोनशेत बसवायचं तर सुरुवातीला दोनच धडं करायची, एक स्त्रीचं आणि एक पुरुषाचं. डोकी सहा. पोशाख वरून चढवायचे, जाकीट वेगळं, अंगरखा वेगळा. त्याच धडावर पूरपथक आणि त्याच धडावर मावळे. बाकी हत्यारं, दोर, वल्हं, ढाल एकाच छोट्या डायमध्ये निघतात. खर्च आटोक्यात राहील.

नमुना प्रिंटवर काढता येईल. पण थ्रीडी प्रिंटचं रेझिन ठिसूळ असतं, ते मुलांच्या हाती द्यायचं नाही, माप आणि चेहरा ठरवण्यापुरतंच. आणि छोटे भाग असल्यामुळे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही हे पुढच्या बाजूला ठळक छापायला हवं. त्यात हयगय नको.

चेहरे कोण करणार? मला वाटतं चेहरा संगणकावर उभा करण्याआधी मातीत व्हावा. सांगलीत गणपतीचे मूर्तिकार आहेत, त्यांचा हात डोळ्यांवर आणि ओठांवर जसा फिरतो तसा आमच्या मशीनवर नाही फिरत. त्यांच्याकडून चार इंची नको, मोठी डोकी करून घ्यावीत, मग स्कॅन करून लहान करावीत. बारकावा टिकतो.


तंबोऱ्याच्या गावची

मूर्तिकारांची कल्पना फार आवडली. मुलीचा चेहरा आपल्याकडच्या मुलीसारखा करा एवढीच विनंती. सावळा रंग, वेणी, कपाळावर घाम. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या घरात भोपळ्यावर नक्षी करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तसे घट्टे पडलेले हात तिला द्या. मराठी ओळखपत्रांचा मजकूर मी आणि लेक मिळून लिहितो. जतच्या सरांना दाखवू.


जतचा मास्तर

जरूर. माझ्या वर्गालाही वाचून दाखवीन. मुलं जिथे मधेच उठून जातील ते वाक्य काढून टाकायचं.


द्राक्षबाग

पंपवाल्याकडं गेलतो. तुकडा दाखवला, त्यानं डब्यातनं चार रिंगा काढून दिल्या, पैसं घेतलं न्हाईत. तीन जो उभं राह्यलं. चौथ्याचा आकडाच तुटलाय, त्याचं काय करू? आन घरात एक ही-मॅन पण घावला, त्याचं पाय लोंबकळतात. त्याला पाठीवर स्क्रूच न्हाई.


कृष्णाकाठ

वा! तीन उभे राहिले हे वाचून फार बरं वाटलं. पंपवाल्यांना आमचा नमस्कार सांगा.

आकड्यासाठी सायकलच्या स्पोकची तार चालते. जुन्या आकड्याची लांबी मोजून वाकवा, टोकं कानशीनं घासून घ्या, नाहीतर रिंग कापते. तुमचा ही-मॅन वेगळ्या पद्धतीचा. त्याची छाती चिकटवलेली असते, उघडायची नाही. दोन्ही पाय आतल्या एका रबरानं एकमेकांना धरलेले असतात, ते सैल झालंय. नवं रबर एका पायातून दुसऱ्या पायात ओढून घ्यायला लांब आकडा लागतो, तो मी बनवून ठेवलाय. साचेकारांनी कुपवाडला त्यांच्या शेडमध्ये रविवारी जागा देतो म्हणून मला कळवलंय, नवरात्रानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी भेटू. ज्याच्याकडे मोडकी खेळणी असतील त्यांनी ती आणावीत, आणि पोरांना नक्की आणावं, पेचकस त्यांच्याच हातात द्यायचे आहेत. द्राक्षबाग, ही-मॅन घेऊन या. त्याच्या कमरेचा पट्टा सुटा झाला असेल तर तोही पिशवीत टाका.